बसण्यास नकार

कार्ड माझ्या हातात होतं म्हणून कळलं, नाहीतर तसाच मेलो असतो. रविवारची सकाळ. काइसा ओव्हनमधल्या पॅनकेककडे वाकून बघत होती आणि मी टेबलाशी बसून तिला प्रश्न विचारत होतो. काइसा माझी पोरगी, चौतीस वर्षांची. टेकडीवरच्या हॉस्पिटलात डोक्याच्या पेशंटांच्या वॉर्डात नर्स आहे. आता तिला पुढची परीक्षा द्यायचीय, ती झाली की ती स्वतः पेशंट तपासणार आणि स्वतः औषध लिहून देणार. त्यासाठी पोरीनं सहाशे कार्डं केलीयत, पुढं प्रश्न, मागं उत्तर. तिची आई चार वर्षांमागं गेली, तेव्हापासून ती माझ्याकडंच राहते, म्हणून प्रश्न विचारायचं काम माझ्याकडं. माझी शाळा नववीत सुटली. मोठी नावं एका दमात येत नाहीत. ती हसते, म्हणते, ‘बाबा, तुम्ही औषधाचं नाव नाही वाचत, शिवी देता.’ म्हटलं, त्यातली अर्धी मी गिळलीयत, मला हक्क आहे. लिथियम तर तेहतीस वर्षं खातोय, मिठाचाच भाऊ तो. सौना, म्हणजे वाफेची अंघोळ, करून घाम काढला की वर खारं पाणी प्यायचं, नाहीतर हात थरथरतात, हे मला कुठल्या कार्डाशिवाय ठाऊक आहे. तर मी पुढचं कार्ड उचललं आणि बोट ठेवून वाचलं. तरुण पेशंट. तीन दिवसांपूर्वी इंजेक्शन सुरू केलंय. व्हरांड्यात सारखा चालतो. खुर्चीत बसवला की उठतो. आतून कुणीतरी ढकलतंय म्हणतो. तुम्ही काय कराल? काइसानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, ‘हा आजार नव्हे, औषधाचा परिणाम आहे. डोस कमी करायचा, नाहीतर औषध बदलायचं. बहुतेक जण घाबरून वाढवतात, मग पेशंट आणखी चालतो. परीक्षेत हमखास विचारतात हे, फसवायला.’ मी कार्ड उलटलं. मागं तिच्या बारीक अक्षरात तेच लिहिलं होतं.

माझ्या तोंडातली कॉफी तोंडातच राहिली. गिळावी की थुंकावी कळेना. मी म्हटलं, ‘हे कधीपासून माहितीय तुमच्या लोकांना?’ ती म्हणाली, ‘काय?’ म्हटलं, ‘हेच. चालण्याचं.’ ‘फार जुनं आहे, बाबा. पन्नास-साठ वर्षं तरी. त्याला नावसुद्धा आहे, अकाथिझिया. म्हणजे न बसता येणं, दुसरं काही नाही. पुढचं घ्या ना, पॅनकेक होईपर्यंत दहा तरी होतील.’ मी पुढचं घेतलं नाही. साठ वर्षं. म्हणजे एक्क्याण्णव साली, मी त्याच हॉस्पिटलाच्या व्हरांड्यात चालत होतो तेव्हा, हे कुणाच्या तरी पुस्तकात होतं. कपाटात असेल. त्याच इमारतीत असेल, माझ्यापासून दोन भिंती पलीकडं, आणि कुणी पान उलटलं नाही.

डोकं फिरलं होतं, ते मी नाकारत नाही. मी तेव्हा खनिजाच्या धक्क्यावर होतो. वरून मालगाड्या यायच्या, खाली जहाज उभं असायचं आणि मधल्या कप्प्यात लोहखनिज अडकायचं, थंडीत तर दगडासारखं गोठायचं. आम्ही लांब गज घेऊन वरून ते ढोसायचो. दिवसभर ढोस ढोस. सुटलं की असा आवाज व्हायचा की छातीतली हाडं वाजायची. त्या फेब्रुवारीत मला त्या आवाजात नावं ऐकू यायला लागली. आमच्या त्या समुद्राएवढ्या तळ्यात पुढं कोण बुडणार त्यांची नावं. मी आपला एकेकाच्या घरी जाऊन सांगून आलो, बाबा रे, तू पाण्यावर जाऊ नकोस. एकोणीस दिवस झोप नाही. एकोणिसाव्या दिवशी पोलिसांनी नेलं. चांगलं केलं, मी काही त्यांच्या नावानं बोटं मोडत नाही. वॉर्डात गेल्यावर सुई दिली आणि खरं सांगतो, दोन दिवसांत नावं बंद झाली. देव भेटल्यागत वाटलं. तिसऱ्या दिवशी पायांचं सुरू झालं.

ते कसं असतं हे मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं, माणूस दुखण्याला धरून बसतो. हे बसूच देत नाही. गुडघ्याच्या आत, हाडाच्या आत, काहीतरी उभं राहतं आणि म्हणतं, ऊठ. उठलं की म्हणतं, चल. चाललं की म्हणतं, इथून नको, तिथून. व्हरांडा त्र्याण्णव पावलांचा होता. फरशी हिरवी, मधली झिजून पांढरी पडलेली, माझ्याआधी चाललेल्यांनी झिजवलेली, आणि आता मला कळतंय ते कोण होते. नर्सबाई म्हणायच्या, ‘अर्वो, बस बघू.’ मी बसायचो. ‘शहाणा.’ आणि मी उठायचो. डॉक्टर आला, त्यानं लांबून बघितलं, म्हणाला, फार बेचैन आहे, वाढवा. वाढवलं. मी जास्त चाललो. मग पुन्हा वाढवलं. रात्री पलंगाला बांधायचे आणि मी बांधलेल्या जागी चालायचो, टाचांनी चादर फाडली. मला वाटलं हा मीच आहे. नावं गेली आणि खाली जे उरलं ते हे, म्हणजे अर्वो कंगास नावाच्या माणसाच्या बुडाशी हेच होतं आधीपासून, न बसणारं, न ऐकणारं जनावर. तेहतीस वर्षं मी हे मानून जगलो, बायकोशी, पोरीशी, धक्क्यावरच्या गड्यांशी वागताना. कधी जरा पाय हलला तरी मी तो हातानं दाबून धरायचो, की उठलं परत ते.

काइसानं पॅनकेक टेबलावर ठेवला. फुगलेला, कडा करपलेला, मला आवडतो तसा. ‘बाबा? गोळी घेतली ना सकाळची?’ माझं तोंड बघून पोरीला पहिला प्रश्न हाच सुचणार, तिचा दोष नाही, आमच्या घराण्यात चेहऱ्याचं भाषांतर असंच होतं. म्हटलं, ‘घेतली. मला माझे जुने कागद बघायचेत. एक्क्याण्णवचे.’ तिनं सुरी खाली ठेवली.

कागद मिळतात. अर्ज करावा लागतो. हॉस्पिटलच्या तळघरात नोंदींची खिडकी आहे, तिथं बेव्ह स्ट्रॉमक्विस्ट नावाची बाई बसते, माझ्याएवढीच असेल, गळ्यात चष्मा. माझ्यामागं कर्टिस उभा. कर्टिस इथला पहारेकरी, धिप्पाड, बोलायला मऊ पोरगा. मी त्या इमारतीत पाऊल टाकलं की तो येतो. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला जातो तेव्हाही दाराशी असतो. ‘तुमचं काही नाही हो काका, कॉम्प्युटरवर नावापुढं जुन्या मारहाणीची लाल खूण येते, मला यावं लागतं,’ असं पहिल्या वेळीच त्यानं सांगितलं होतं, तेव्हापासून आम्ही आपले मासे-बिसे यावर बोलतो. बेव्ह म्हणाली, ‘तेहतीस वर्षांपूर्वीचं? तुमचं नशीब चांगलं, ते खोकं स्कॅन झालंय. बाकीची तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेली.’ माझं नशीब बघा. अकरा पानं हातात आली. मी तिथंच बाकावर बसून वाचली, बोट ठेवून. आक्रमक. सूचना पाळत नाही. कर्मचाऱ्यास दुखापत, मनगट मोडले. हे मला माहीत होतं. मग एक ओळ आली, सतरा मार्चची, दुपारच्या पाळीची. ‘पेशंटची आई भेटीस आली. पेशंटने तिच्याजवळ बसण्यास नकार दिला.’

आईचं नाव हिल्मा. तिला मोटार चालवता येत नव्हती, दोन बस बदलून आली होती, हातात वेलदोड्याचा गोड पाव, फडक्यात बांधलेला, अजून कोमट. भेटीच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. ती एकीवर बसली, कोटाच्या कडा गुडघ्यावर ओढून. दुसऱ्या खुर्चीवर थोपटलं. मी बसलो. तिनं पाव मोडला. मी उठलो. खिडकीपर्यंत गेलो, परत आलो, बसलो. ती म्हणाली, ‘गुडघा दुखतो का रे?’ मी उठलो. मला तिच्याशी बोलायचं होतं, मला सांगायचं होतं की नावं बंद झालीयत, बरं वाटतंय, बाळ कशी आहे, पण तोंड उघडेपर्यंत पाय तोंडाला घेऊन खिडकीशी पोचलेले असायचे. असं सात वेळा झालं, मी मोजलं, कारण मोजण्यानं जरा धरून राहता येतं. कोपऱ्यात एक मदतनीस बसला होता, वहीत लिहीत. शेवटी आई म्हणाली, आणि रागानं नाही म्हणाली, ‘माझ्यापाशी बसायचं नाही का तुला?’ मी खिडकीशी होतो. वळेपर्यंत तिनं फडकं घडी केलं होतं. ती दाराबाहेर गेली आणि मी धावलो. मदतनीस आडवा आला, मी ढकललं, दार बंद होत होतं, त्याचा हात मध्ये सापडला. तो आवाज मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. आई नऊ दिवसांनी गेली, स्वयंपाकघरात, डोक्यातली शीर फुटून. मातीला मला नेलं नाही. त्या दिवशी मी त्र्याण्णव पावलांवर होतो.

घरी येऊन काइसाला म्हटलं, ही ओळ काढायला लावणार. मनगट राहू दे, लाल खूण राहू दे, मला काय, कर्टिसची संगत आहे. ही एक ओळ काढायची. तिनं अकराही पानं वाचली. ती वाचताना तिच्या वरच्या ओठावर घाम येतो, तिच्या आईसारखा. म्हणाली, ‘बाबा, तीन आठवड्यांनी माझी परीक्षा आहे. त्यानंतर त्याच हॉस्पिटलात मला जागा मिळणारेय. तुम्ही आत्ता हे प्रकरण उकरलंत तर वॉर्डाच्या मुख्य बाई मला काय म्हणतील? थोडं थांबा ना.’

‘तेहतीस वर्षं थांबलो की.’

‘तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून थांबलात. त्याला थांबणं नाही म्हणत.’

‘मग आता माहितीय, आता कशाला थांबू?’

‘कारण त्यांनी ते मुद्दाम नाही लिहिलं! तुम्हाला काय वाटतं, नर्स काय दुष्ट असते? माणूस चालतोय, बस म्हटलं तर बसत नाही, आठ तासांत चौदा पेशंट बघायचे, तुम्ही काय लिहाल? जे दिसतं ते लिहितो आम्ही.’ आणि ती थांबली. टेबलाची कड नखानं खरवडायला लागली. मग ती म्हणाली, ‘मीसुद्धा लिहिलंय. गेल्या हिवाळ्यात. एक बाई होती, लांब वेणीची. पाळीभर चालली. सांगूनही ऐकत नाही, सहकार्य नाही, असं लिहिलं मी. डॉक्टरनी वाढवलं. मला तेव्हाही हे माहीत होतं, बाबा. शाळेत शिकले होते. माहीत होतं आणि समोर आलं तेव्हा ओळखू आलं नाही. कार्ड तिच्यानंतर केलंय मी.’

मला राग यायला हवा होता. आलाही, पण तो तिच्यावर बसेना, इकडून तिकडं हिंडत राहिला. माझ्यासमोर माझी पोरगी होती आणि कोपऱ्यात वहीत लिहिणारा तो माणूसही होता, त्याचं नावसुद्धा मला ठाऊक नाही, त्याचं मनगट दुखत असेल अजून थंडीत. मी म्हटलं, ‘त्या बाईचं नाव आठवतं?’ ‘आठवतं.’ ‘मग?’ काइसा म्हणाली, ‘मग काय मग?’ आणि उठून खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी ती तासभर लवकर कामावर गेली. काय केलं ते मी विचारलं नाही. आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि तिनं माझा ओळ काढण्याचा अर्ज स्वतः वाचून बघितला, एक तारीख चुकली होती ती दुरुस्त केली.

परीक्षा झाली, पास झाली. मी तिला खाऱ्या माशाचं जेवण घातलं, ती माझ्या कार्ड वाचण्याची नक्कल करून दाखवत होती, शेजारी हसून लोळले. जागेचं अजून कळलेलं नाही. मुख्य बाईंनी तिला बोलावून विचारलं, हे कंगास तुमचे कोण. ती म्हणाली, वडील. एवढंच सांगितलं तिनं मला आणि जरा ताठ बसून सांगितलं.

अर्ज दिल्यापासून साठाव्या दिवशी हॉस्पिटलचं पत्र आलं. त्यांना साठच दिवस असतात, एकही वाया घालवला नाही. सदर नोंद त्या वेळच्या निरीक्षणानुसार अचूक आणि पूर्ण असल्यामुळे बदल करता येत नाही. मी ते पत्र घेऊन खाली खिडकीवर गेलो, कर्टिस मागं. बेव्हला म्हटलं, ‘बाई, हे बघा, तुम्ही म्हणताय हे पूर्ण आहे. त्यात मी नाही, मग पूर्ण कसं?’ ती चष्मा चढवून वाचत राहिली. म्हणाली, ‘माझ्यावर नका ओरडू, मी नाही लिहिलं.’ म्हटलं, ओरडत नाही, माझा आवाजच धक्क्यावरचा आहे. मग ती जरा पुढं वाकली. ‘पत्राच्या मागच्या बाजूला कुणी वाचतच नाही. तुम्हाला पटलेलं नाही असं तुम्ही लिहून देऊ शकता. एक पान. ते आम्हाला त्या नोंदीला जोडावंच लागतं, कायद्यानं. ती नोंद कुठंही गेली, कुणीही उघडली, की तुमचं पान बरोबर जाणार. काढता येत नाही कुणाला. एकोणीस वर्षं बसलेय इथं, तिघांनी दिलंय फक्त.’

तीन दिवस लिहीत होतो. पेन्सिलीनं. गज मारणं सोपं. काइसा म्हणाली, ‘बाबा, तो शब्द घाला, अकाथिझिया. तो वाचला की डॉक्टर लगेच समजतील. हवं तर मी लिहून देते, आमच्या पद्धतीनं.’ म्हटलं, ‘तो शब्द तुमचा. तुमच्याकडं साठ वर्षं होता, त्यानं माझं काही झालं नाही. माझ्याकडं तेव्हा पाय होते.’ ती म्हणाली, ‘स्पेलिंग तरी बघू द्या.’ नाही दिलं. चांगलं लिहिणाऱ्यांनी एकदा माझ्याबद्दल लिहिलंय, त्याचं काय झालं ते बघतोयच आपण.

हे लिहिलं. ‘माझं नाव अर्वो कंगास. सतरा मार्च एक्क्याण्णवला माझी आई मला भेटायला आली. मी तिच्याजवळ बसायला नकार दिला असं तुम्ही लिहिलंय. मी सात वेळा बसलो. सात वेळा तुमच्या सुईनं मला उठवलं. तुमचा माणूस खोलीत होता, त्यानं मला विचारलं नाही. त्याचं मनगट माझ्यामुळं मोडलं, ते खरं आहे, ते ठेवा. आईचं खरं नाही. मला तिच्याजवळ बसायचं होतं.’

मंगळवारी सकाळी खिडकीवर गर्दी होती, माझ्यामागं पाच-सहा जण, कुणाला एक्स-रे हवा, कुणाला विम्याचा कागद. बेव्हनं पान घेतलं आणि वाचलं. तिनं ते आधी भरभर वाचलं, मग परत पहिल्यापासून सावकाश. नाक ओढलं आणि कीबोर्ड जवळ घेतला. मग थांबली. ‘एक राहिलंय. खालचा चौकोन. आपली मागणी काय आहे ते लिहायचं.’ म्हटलं, लिहिलंय की सगळं. ‘हो, पण चौकोन रिकामा ठेवला तर हे पुढंच जात नाही. काहीतरी लिहा. लोक माफी मागतात. म्हणजे, आम्ही मागावी असं लिहितात. नाहीतर खूण काढा म्हणतात. काहीतरी.’ मागचा एक जण म्हणाला, ‘आटपा हो, गाडी लावलीय रस्त्यावर.’ मी पेन्सिल धरून उभा. काय मागू? ओळ पुसा म्हटलं, नाही म्हणाले. माफी कुणाकडून घेऊ, तो डॉक्टर मेला, इमारतीचा तो भाग पाडला, तिथं आता पार्किंग आहे. खूण काढा म्हणू? म्हणजे त्यांनी मला भला माणूस ठरवावा, आणि मी आभार मानावे? ज्यांच्याकडं देण्यासारखं काही उरलेलं नाही त्यांच्यापुढं हात का पसरायचा. मी काय आलोय मागायला? कर्टिस मागून हळू म्हणाला, ‘काका, घ्या वेळ. मी यांना सांभाळतो.’ आणि त्या गाडीवाल्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभा राहिला.

मी चौकोनात लिहिलं. मोठ्या अक्षरात, चौकोनाच्या बाहेर गेलं. बेव्हनं कागद स्वतःकडं वळवला आणि मोठ्यानं वाचलं, टाइप करायचं होतं म्हणून असेल. ‘मागणी नाही. मी सांगतोय.’

‘एवढंच?’

‘एवढंच,’ म्हटलं. ‘जोडा.’